लेवानला तिसरा माणूस हवा होता

लेवान एकट्यानं कधी गायला नाही. कोणी म्हटलं, लेवान, जरा म्हणून दाखव, की तो आधी इकडेतिकडे बघायचा, बाकीचे दोघं कुठं आहेत ते. ते जवळपास नसले तर म्हणायचा, "आता गाणं घरी नाई." जसं एखादा माणूस बाहेर गेलाय आणि जरा वेळानं या, असं सांगावं तसं.

अमरावतीला माझं सासर कापसाच्या पेचाला लागून होतं. पेच म्हणजे रुई दाबून गठाणी करायचं लाकडी यंत्र. मधे जाड स्क्रू, त्याला चार बाजूंनी लांब दांडे, आणि दांड्यांना छाती लावून माणसं गोल गोल फिरायची. वाफेचं काही नव्हतं तेव्हा. माझे सासरे तिथे मुकादम होते. अमेरिकेत लढाई चालली होती म्हणून तिकडचा कापूस विलायतेला जात नव्हता आणि आमचा जात होता. मला तेव्हा एवढंच कळायचं, आणि खरं सांगायचं तर आताही त्याहून जास्त कळत नाही. माझे वडील अकोल्याच्या शाळेत शिपाई होते म्हणून मला तीन पुस्तकं शिकायला मिळाली, पण त्या पुस्तकांत अमेरिका नव्हती.

कपाशीचा पैसा एवढा यायला लागला की लोकांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या केल्या. ज्यांच्या घरी गूळ मोजून खायचे त्यांच्याकडे खडीसाखर आली. फक्त दांड्याला लावायला माणूस मिळेना, कारण जो तो आपल्या गाड्या जुंपून खामगावच्या वाटेला लागलेला. माझा नवराही गाड्यांबरोबर असायचा. अशा वेळी हे तिघं पेचाच्या फाटकाशी येऊन उभे राहिले. लेवान, निको आणि दावित.

त्यांची भाषा कोणालाच येईना. शेवटी करीमचाचाला बोलावलं. करीमचाचा पिंजारी, मूळचा अचलपूरचा, लहानपणी मदरशात थोडी फारसी शिकलेला. लेवानलाही फारसी येत होती. दोघं बराच वेळ बोलले. मग करीमचाचानं सांगितलं की हे गुर्जिस्तानचे, इराणच्याही पलीकडचे, बर्फाच्या डोंगरातले. इराणी सौदागराचे घोडे घेऊन मुंबईला आले, सौदागर मेला, घोडे विकले गेले, हे उरले. माझी सासू दारातून ऐकत होती. ती म्हणाली, "इतके दूर आले बाप्पा, वाटेत कोनी कामच देल्लं नाई का?"

लेवान चाळिशीचा असेल. रुंद, मान जवळजवळ नाहीच, मिशा करड्या. डोक्यावर लोकरीची वाटीसारखी टोपी. वैशाखात सुद्धा. सासऱ्यांनी त्याला दोनदा फेटा दिला, तो त्यानं कमरेला बांधला. निको लांबोडका आणि कमी बोलणारा. दावित सगळ्यांत लहान, अगदी बारीक, पण त्याचा आवाज असा खालचा की तो गायला लागला की आमच्या फळीवरचा पितळी गडवा थरथरायचा. सासूला वाटायचं घरात भुंगा शिरला.

त्यांचं गाणं आम्ही पहिल्यांदा ऐकलं ते तिसऱ्या दिवशी, पेचावर. लेवाननं सुरू केलं. निको त्याच्या वर चढला आणि भलतंच म्हणायला लागला. दावितनं खाली एकच सूर धरला आणि तो सोडेचना. दांड्यावरची आमची माणसं गोंधळून थांबली. सासऱ्यांना वाटलं भांडण लागलं. ते काठी घेऊन सोडवायला धावले.

"एक गानं म्हना ना लेकहो," ते म्हणाले. "तिघं तीन कायले म्हनता?"

लेवानला तेव्हा भाषा येत नव्हती. त्यानं करीमचाचाकडून निरोप दिला की गाणं एकच आहे, तिघं मिळून एक होतं. सासरे करीमचाचाला म्हणाले की त्याला सांग, आमच्याकडे एक गाणं एकच माणूसही म्हणू शकतो, त्याला तीन लागत नाहीत. करीमचाचानं हे सांगितलं नाही. तो शहाणा होता.

पुढे माणसांना त्या गाण्याची सवय झाली. पाऊल त्यावर बरं पडायचं. सहा महिन्यांत लेवान आमच्यासारखं बोलायला लागला, म्हणजे वऱ्हाडी, कारण दुसरं काही त्याच्या कानावर पडतच नव्हतं. कोणी त्या गाण्याबद्दल विचारलं की तो एकच सांगायचा, "तू तुह्या घरी राय, मी माह्या घरी. भिंत एक." मला हे फार दिवस कळलं नाही. मग एकदा मधल्या भिंतीतून शेजारणीचं जातं ऐकत मी आपलं दळत होते, तेव्हा कळलं.

त्याची एक खोड फार वाईट होती. तो नुसतं कधी काही प्यायचा नाही. मोहाची असो की ताक असो, आधी कोणाच्या तरी नावानं बोलायचा, आणि ते लवकर संपायचं नाही. उन्हाळ्यात दांड्यावरून सुटलेली माणसं ताकाच्या घागरीभोवती जमायची आणि हा मधे उभा राहून सासऱ्यांच्या मेलेल्या आईबद्दल बोलतोय. तिला त्यानं पाहिलेलंही नव्हतं. एकदा तर गाडीच्या डाव्या बैलाच्या नावानं बोलला, उजव्याला वाईट वाटेल म्हणून मग त्याच्याही. तुळशीराम नावाचा भजनी होता पेचावर, तो म्हणाला, "लेवानभाऊ, मी मेलो की माह्या नावानं बोलजो, आता पिऊ दे."

पिण्यासाठी त्यानं म्हशीचं शिंग घासूनपुसून ठेवलं होतं. शिंगाला बूड नाही, त्यामुळे भरलं की खाली ठेवता येत नाही, संपवावंच लागतं. माझी सासू सोवळ्याची. ती हातभर उंचावरून त्या शिंगात ताक ओतायची आणि अर्धं त्याच्या मिशांवर पडायचं. तिला वाटायचं तो चिडेल आणि शिंग टाकून देईल. तो मिशा पुसून तिच्याच नावानं बोलायला लागायचा. शेवटी तीच कंटाळली आणि खालून ओतायला लागली.

मला तो वैनी म्हणायचा. मी वाचू शकते हे कळल्यावर एकदा त्यानं विचारलं, तुमच्या पुस्तकात गाणं कसं लिहितात. मी कविता दाखवली. त्यानं विचारलं, यात वरचा आवाज कोणता आणि खालचा कोणता. मी म्हटलं, असं काही नसतं. त्याला माझी कीव आली असं मला वाटलं. मला राग आला होता.

अशी तीन वर्षं गेली. मग थंडी सरता सरता पटकी आली आणि दावित गेला. सकाळी दांड्यावर होता, दुसऱ्या सकाळी नव्हता.

त्याला पुरायचं कुठं, यातच अर्धा दिवस गेला. ते किरिस्ताव होते, म्हणून गोऱ्यांच्या छावणीतल्या पाद्र्याला विचारलं, तर तो म्हणाला, हे कोणत्या पंथाचे. लेवाननं सांगितलं ते त्याला समजलं नाही आणि त्यानं पुढे काही केलं नाही. शेवटी करीमचाचानं बडनेऱ्याच्या रस्त्याला कबरस्तानाच्या कुंपणाबाहेर जागा मिळवून दिली. लेवान आणि निकोनं खड्डा स्वतः खणला. त्या दिवशी ते गायले नाहीत.

चार दिवसांनी लेवान ओसरीवर सासऱ्यांसमोर बसला. मी आत तांदूळ निवडत होते. तो म्हणाला की त्यांच्यात चाळीस दिवस माणसाचा जीव इथेच फिरतो. चाळिसाव्या दिवशी त्याला निरोप द्यायचा असतो, गाऊन. त्याचं एक गाणं ठरलेलं आहे. ते तीन आवाजांचं आहे. आता दोनच आहेत.

सासरे म्हणाले, मग दोघं म्हणा.

"दोघांचं ते गानं नाई मुकादम," लेवान म्हणाला. "दोघं म्हनलं तं तो समजन का मले बोलावून राहिले. मंग जाईन कसा?"

दावित सासऱ्यांचा आवडता होता, कारण तो उत्तर द्यायचा नाही.

तेव्हापासून लेवान माणूस शोधायला लागला. छत्तीस दिवस होते हातात. त्याला अवघड वाटलं नाही. खालच्या आवाजाला करायचं तरी काय, एक सूर धरायचा, मधे दोन ठिकाणी एक पायरी खाली जायचं आणि परत यायचं. अमरावतीत गाणारी माणसं काय कमी होती. तुळशीरामचं भजनी मंडळच पेचावर होतं, सहा जण, सगळ्यांचे आवाज खणखणीत.

संध्याकाळी काम सुटलं की पेचाच्या आवारात शिकवणी चालायची. मी भाकरी थापता थापता ऐकायची. लेवान तुळशीरामला सूर द्यायचा. तुळशीराम तो धरायचा, चांगला धरायचा. मग लेवान आपलं सुरू करायचा, निको वर जायचा, आणि दहा श्वास होईपर्यंत तुळशीराम हळूहळू खालून निघून लेवानच्या चालीत येऊन बसायचा. आपण निघालो हे त्याला कळायचंही नाही. डोळे मिटून डोलायला लागायचा. बाकीच्या पाचांचंही तेच. एक तर टाळ घेऊनच आला होता.

लेवाननं त्यांना समजावलं, ओरडला, त्याच्या भाषेत शिव्या दिल्या. मग कोणीतरी युक्ती काढली की तुळशीरामच्या कानात कापूस घालावा, म्हणजे दुसऱ्यांचं ऐकूच येणार नाही. कापसाला काय तोटा. दोन्ही कानांत बोळे कोंबले. तुळशीरामनं सूर धरला आणि तो सूर असा काही भरकटला की बांधलेला गोऱ्हा दावं तोडायला लागला. सगळे हसले. लेवान हसला नाही. त्यानं तुळशीरामला गाढव म्हटलं आणि विचारलं की एवढं साधं काम तुला काहून जमत नाही.

तुळशीराम कानातला कापूस काढत म्हणाला, "तुमी तिकडे वर एकटे पडता भाऊ. मंग सोबत नाई का द्यावी मानसानं?"

पण गाढव म्हटलेलं त्याला लागलं. तुळशीराम दोन दिवस कामावर आला नाही. तिसऱ्या दिवशी लेवान डोक्यावर कडब्याचा भारा घेऊन त्याच्या घरी गेला आणि त्याच्या बैलापुढे टाकून आला. तुळशीराम चौथ्या दिवशी आला. पण शिकवणी बंद झाली.

वीस दिवस गेले, पंचवीस गेले. लेवान दांड्यावर गप्प असायचा. पाणी प्यायचा तेव्हाही कोणाच्या नावानं बोलायचा नाही, नुसतं प्यायचा. माणसं म्हणायला लागली, बोल बाप्पा काहीतरी. निको म्हणाला होता की दोघंच म्हणू, देव समजून घेईल. लेवाननं त्याच्याशी तीन दिवस अबोला धरला.

मग आमच्या गल्लीत एका घरी बारसं निघालं, आणि त्यांनी हौसेनं सनई लावली. पैसा आलेला, बारशालाही सनई. सनईवाला सोनबा आणि त्याचा धाकटा भाऊ हरबा, दोघं मांगवाड्यातले. सोनबा सनई वाजवायचा. हरबा दुसरी सनई घेऊन नुसता सूर धरायचा. सोनबा वर काय वाटेल ते करो, हरबाचा सूर खाली सुतळीसारखा सरळ. हरबाकडे कोणी कधी बघत नसे. मी त्याला किती लग्नांत पाहिलं असेल, पण त्याचा चेहरा मला सांगता आला नसता.

लेवान येऊन हरबासमोर उभा राहिला आणि हललाच नाही. पाळणा झाला, घुगऱ्या वाटून झाल्या, बाया घरी गेल्या, तरी हा उभाच. सनई थांबल्यावर तो पुढे झाला आणि हरबाच्या छातीवर हात ठेवायला गेला. हरबा मागे सरकला. आम्ही सगळ्या आपापल्या दारातून बघत होतो. त्याला कोणी असं शिवत नसे.

लेवाननं विचारलं, तोंडानं धरशील का सूर. सनई नको, तोंडानं.

"मले गाता नाई येत जी," हरबा म्हणाला. "मी फकस्त सूर धरतो."

"तेच पाह्यजे," लेवान म्हणाला.

सासऱ्यांनी हरबाला पेचाच्या आवारात येऊ दिलं नाही. तेव्हाची रीत होती, आणि मलाही त्यात तेव्हा वावगं वाटलं नाही. म्हणून शिकवणी फाटकाबाहेर निंबाखाली झाली. हरबाचा आवाज दावितइतका खाली जात नव्हता, पण सूर धरला की धरला. लेवान गायला, निको त्याच्या वर गेला, एकमेकांत गुंतले, सुटले, आणि हरबा जागचा हलला नाही. तुळशीराम फाटकाला टेकून ऐकत होता. तो म्हणाला, दगड आहे हा मानूस. कौतुकानं म्हणाला.

अडचण पुढेच होती. दोन ठिकाणी हरबानं एक पायरी उतरायचं होतं, आणि तो उतरेना. लेवाननं सांगितलं, खूण केली, हातानं दाखवलं. हरबा मान डोलवायचा आणि जागा आली की तिथेच राहायचा. आमचे सहा जण जागेवर राहीनात, आणि हा जागा सोडीना. लेवान अक्षरशः जमिनीवर बसला. हरबा म्हणाला की वीस वर्षांत त्यानं सूर एकदाही हलू दिलेला नाही, लहानपणी हलला तेव्हा सोनबानं सनईच त्याच्या पाठीत घातली होती. आता मन म्हणतं उतर आणि गळा ऐकत नाही.

मग लेवान त्याच्या अगदी जवळ उभा राहिला, खांद्याला खांदा लावून. उतरायची जागा आली की तो आपलं अंग किंचित खाली दाबायचा, त्याबरोबर हरबाचा खांदा खाली जायचा, आणि खांद्याबरोबर सूर. परत खांदा वर, सूर वर. चार संध्याकाळी लागल्या. रस्त्यानं जाणारे थांबून बघायचे, गाणं ऐकायला नाही, ते दोन खांदे बघायला. सोनबाला जातीतल्यांनी विचारलं म्हणे की हे काय चाललंय. त्यानं काय उत्तर दिलं मला माहीत नाही.

चाळिसावा दिवस आला. त्याच दिवशी मला अकोल्याला माहेरी निघायचं होतं. सातवा महिना होता. सासरे गठाणींच्या गाड्यांबरोबर तिकडेच जाणार होते, म्हणून मला रेंगीत, म्हणजे पडद्याच्या हलक्या बैलगाडीत, बसवलं. लेवाननं आदल्या दिवशी घरी येऊन सांगितलं की गहू उकडून त्यात गोड घालून लागतात. तो मध म्हणत होता, मी गूळ घातला. सासूनं विरोध केला नाही. मेलेल्याच्या नावानं गहू शिजवणं तिला कळत होतं. मी निघायच्या आधी पातेलं भरून दिलं.

दावितची कबर रस्त्याच्या कडेलाच होती. सासऱ्यांनी गाड्या थांबवल्या. मी रेंगीतच राहिले, पडदा थोडा बाजूला करून. तिथे लेवान, निको, हरबा, करीमचाचा, तुळशीराम आणि पेचावरचे आठदहा जण होते. पळसाच्या पानांवर गहू ठेवले. लेवान आणि हरबा एका पानातून खात होते. सासऱ्यांनी ते पाहिलं आणि तोंड फिरवलं. तुळशीरामनंही आपलं पान वेगळं घेतलं. त्या पानातलं मला कोणी दिलं असतं तर मीही खाल्लं नसतं. आता खोटं कशाला लिहू.

हे मी सगळं नीट आठवून लिहिते आहे कारण मी लेवानला शेवटचं पाहिलं ते तेव्हाच. मुलगी घेऊन मी सहा महिन्यांनी परत आले तेव्हा अमेरिकेतली लढाई थांबली होती, भाव पडला होता, पेच बंद होता, आणि ते दोघं मुंबईच्या वाटेनं निघून गेले होते. जाताना लेवान माझ्या सासूच्या नावानं काही बोलून गेला म्हणे. ती म्हणाली, फार लांबलं, मला ऐकायला वेळ नव्हता.

तर त्या दिवशी. लेवाननं टोपी काढली. त्याच्या टकलावर टोपीचा गोल पांढरा राहिला होता, ते मला पहिल्यांदा दिसलं. त्यानं सुरू केलं. निको वर गेला. हरबानं खाली धरलं. लेवान त्याला लागून उभा होता. पहिली जागा आली, दोन खांदे खाली गेले, वर आले. दुसरी आली, त्या वेळी लेवाननं अंग दाबलंच नाही, हरबा आपला आपण उतरला आणि आपला आपण वर आला. लेवानचा आवाज एका क्षणासाठी चुकला. तेवढाच. रेंगीची बैलजोडी सुद्धा शांत उभी होती. मला रडू आलं नाही, पण पोटातलं मूल फिरलं.

गाणं संपलं. लेवान थांबला, निको थांबला. हरबा थांबला नाही. सनईवाल्यांच्यात मुख्य सनईवाला सनई तोंडातून काढून मान हलवतो, मग सूरवाला थांबतो. इथे सनई नव्हती आणि मान कोणी हलवली नव्हती. हे त्याला सांगायचं राहून गेलं होतं. तो डोळे मिटून उभा, श्वास घ्यायचा आणि परत तोच सूर. निकोनं त्याला थांबवायला हात पुढे केला, तर लेवाननं निकोचं मनगट धरलं.

थोडा वेळ लेवान तसाच ऐकत राहिला. मग निकोचा हात सोडला, मान खाली घातली, आणि हरबाच्या सुरात येऊन मिळाला. तोच सूर, त्याच जागी, दोघांचा एक. वर कोणी नव्हतं.

सासरे गाडीशी आले होते. ऊन चढत होतं. त्यांनी निकोला विचारलं, "गानं झालं ना?"

"गानं झालं," निको म्हणाला. "हे गानं नाई."

मुक्कामाचं मूर्तिजापूर दूर होतं. सासऱ्यांनी गाडीवानाला खूण केली आणि बैल चालायला लागले. मी पडदा सोडला नाही. ते दोघं अजून तसेच उभे होते, आणि लेवानची टोपी त्याच्या हातात होती.